बाटली एक, बाटली दोन

माझा थोरला भाऊ वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांची वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर रद्द करायची, हा त्याचा चौतीस वर्षांचा उद्योग. या चौतीस वर्षांत त्याने कुठल्या दुकानदाराचा चहा घेतला नाही. निवृत्त झाल्यावर घ्यायला हरकत नव्हती, पण तोवर कोणी विचारेनासं झालं होतं.

मी कंपाउंडर. एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात लाकडी खिडकीमागे उभा राहून एकेचाळीस वर्षं मी मिक्श्चरं केली. खोकल्याचं लाल, पोटाचं पांढरं, आणि ज्यांना काहीच झालेलं नसतं त्यांचं पिवळं. पिवळं सगळ्यांत कडू होतं. त्याने बरे झालेले लोक मला अजून रस्त्यात ओळख देतात. लाल आणि पांढऱ्याचे देत नाहीत.

दादाने एकदा आमच्या दवाखान्याच्या तराजूलाही नोटीस काढली होती. दोन ग्रॅमचं वजन झिजलं होतं. नोटिशीवर "श्री. कंपाउंडर यांस" असं लिहून खाली सही केली, आणि संध्याकाळी घरी मलाच म्हणाला, "गाढवा, वेळेवर बदलायला काय झालं होतं?" डॉक्टर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ही गोष्ट मी विसरलो आहे असं मी सगळ्यांना सांगत असे.

तर, चौऱ्याहत्तराव्या वर्षी दादाच्या रक्तात साखर जास्त निघाली आणि वाईट कोलेस्टेरॉलही. डॉक्टरांनी सांगितलं, इन्सुलिन भरपूर आहे पण शरीर त्याचं ऐकत नाही. "म्हणजे माझ्यासारखंच झालं," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षं सांगतेय." दोन गोळ्या सुरू झाल्या. एक सकाळी साखरेची, एक जेवणानंतर चरबीची. शिवाय चालायला सांगितलं. दादा गोळ्या आठवल्या की घ्यायचा आणि चालायचा फक्त बाल्कनीपर्यंत.

मग कोणीतरी त्याला पानांचा अर्क आणून दिला. पाच झाडांच्या पानांचा, गडद हिरवा, तपकिरी काचेच्या बाटलीत. सकाळ-संध्याकाळ वीस थेंब. साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला मदत करतो, असं वेष्टनावर लिहिलेलं. दुसरा कोणी असता तर त्याने थेंब घेतले असते किंवा बाटली फेकली असती. दादाने कपाटातून मोजनळी काढली आणि अर्क मोजला. बाटलीवर तीस मिलिलिटर. नळीत साडेअठ्ठावीस.

"दीड मिलिलिटरची चोरी!" दादा इतका खूश मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. चपला घालून, बाटली आणि नळी घेऊन तो भांडायला निघाला. मी गंमत बघायला मागून गेलो.

अर्क करणाऱ्या बाईंचं दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. मागे दोन शेगड्या, जाळीवर वाळत घातलेली पानं, गाळायची फडकी, पुढे एक टेबल, आणि दारावर अर्काचं भलंमोठं पोस्टर. बाई पन्नाशीच्या, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. दादाने नळी टेबलावर ठेवली आणि भाषण सुरू केलं. बाईंनी ते पूर्ण ऐकलं, मग स्वतः दुसरी बाटली उघडून त्या नळीत मोजली. तीही कमी.

"काका, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझं नरसाळं दर वेळी थोडं धरून ठेवतं. माझ्या लक्षातच आलं नाही. मी सगळा माल परत भरते."

दादाने नळी पिशवीत परत ठेवली. चौतीस वर्षांत एकाही व्यापाऱ्याने त्याला 'तुमचं बरोबर आहे' असं म्हटलं नव्हतं. येताना जुनी बाटली तिथेच राहिली आणि त्याच्या पिशवीत बारा नव्या बाटल्या होत्या. सहा महिन्यांचा साठा.

"बाटलीवर काय लिहिलंय ते बघ," मी वाटेत म्हणालो. खाली बारीक अक्षरात होतं: डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करू नका. बाईंनीही पैसे घेताना तेच सांगितलं होतं. दोनदा.

"वाचलंय. बंद कोण करतंय?"

"मग कशाला घेतोस? मी एकेचाळीस वर्षं असल्या बाटल्या भरल्या. अर्धं काम कडूपणा करतो."

"तुझं मत झालं, गाढवा. मोजमाप कुठाय?"

आणि मग त्याने प्रयोग काढला.

प्रयोग असा. दोन बाटल्या, क्रमांक एक आणि दोन. एकीत अर्क, दुसरीत तसंच दिसणारं, तसंच कडू लागणारं साधं पाणी. एक बाटली दादा घेणार, एक मी, कारण माझीही साखर उंबरठ्यावर येऊन बसली होती. कोणाला काय मिळालं ते फक्त वहिनींना ठाऊक. त्यांनी चिठ्ठीवर लिहून ती शिवणाच्या डब्यात ठेवायची. तीन महिने. दर महिन्याला एकाच प्रयोगशाळेत, एकाच वेळी, उपाशीपोटी रक्त. तोवर दोघांचं बाकी सगळं सारखं पाहिजे: चालणं सारखं, खाणं सारखं, गोळ्या ठरल्या मिनिटाला.

"आणि ते खोटं पाणी करणार कोण?" वहिनींनी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात तेवढ्या कामासाठी माझ्याइतका लायक माणूस नव्हता. म्हणून बाराही बाटल्या माझ्या ताब्यात आल्या. दर पंधरा दिवसांनी मी अर्क गाळून एका शिशीत, पाणी दुसऱ्या शिशीत, वर नावं चिकटवून वहिनींना द्यायचं, आणि त्यांनी ते चिठ्ठीप्रमाणे बाटल्यांत ओतायचं, असं ठरलं.

मी एक बाटली उघडली, चव घेतली आणि त्या चवीला पोचायला चार दिवस खटपट केली. शेवटी मुळ्याचा पाला जमला. पाला भरपूर उकळायचा, कोऱ्या चहाच्या चोथ्यात तासभर ठेवायचा, फडक्यातून दोनदा गाळायचा. इतकं हुबेहूब झालं की मलाच ओळखू येईना. आणि तिथेच माझ्या डोक्यात ते शिरलं. झिजलेलं दोन ग्रॅमचं वजन आठवलं. 'श्री. कंपाउंडर यांस' आठवलं. मी दोन्ही शिश्यांत मुळ्याचा पाला भरला.

उरलेल्या अकरा बाटल्या सीलबंद, माझ्या कपाटात, स्वेटरांच्या मागे.

बेत साधा होता. दादा आपली वही उघडून निष्कर्ष वाचणार, आणि मी पिशवीतून अकरा सीलबंद बाटल्या एकेक करून टेबलावर ठेवणार. काही बोलायचंही नाही. मी ते दृश्य मनात इतक्या वेळा पाहिलं की मला त्यातला एकूण एक चेहरा पाठ झाला होता.

तीन महिने आम्ही दोघे भाऊ रोज सकाळी सहा वाजता नदीकाठच्या रस्त्याने चाललो. लहानपणी शाळेत एकत्र जात होतो, त्यानंतर इतकं एकत्र पहिल्यांदाच. दादा पावलं मोजायचा. मी मध्येच बोललो की चुकायचा आणि म्हणायचा, "गाढवा, चारशे बारा होते की चारशे बावीस?" मी चारशे बत्तीस सांगायचो. चहातली साखर त्याने पहिल्याच दिवशी सोडली. मी सोडली असं सांगितलं. घड्याळात आठ वाजले की त्याची सकाळची गोळी तोंडात असायची, एक मिनिट इकडेतिकडे नाही. आणि रोजचं सगळं, वजन, पावलं, झोप, थेंब, गोळ्या, एका लांबट वहीत. उभ्या-आडव्या रेघा त्याने स्वतः मारलेल्या.

आता खरं सांगायचं तर ते माझ्या आयुष्यातले बरे महिने होते. रोज सकाळी मी त्याला फसवत होतो, आणि रोज सकाळी सहा वाजायची वाटही बघत होतो.

तीन महिन्यांनी दादाची उपाशीपोटीची साखर एकशे अडतीसवरून एकशे बारावर आली. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अडुसष्टवरून एकशे एकतीस. माझं जवळजवळ होतं तिथेच राहिलं. वहिनींनी शिवणाच्या डब्यातून चिठ्ठी काढली. दादा: अर्क. भावजी: पाणी.

दादाने चिठ्ठी दोनदा वाचली. मग माझ्या पाठीवर थाप मारली. जिंकलेल्या माणसाची थाप नव्हती ती. त्याला खरंच वाईट वाटत होतं की पाणी माझ्या वाट्याला आलं.

"आता तूही खरा सुरू कर," तो म्हणाला. "उगाच तीन महिने फुकट गेले तुझे."

तेव्हा सांगता आलं असतं. ओठांवर आलं होतं. पण समोर फक्त वहिनी होत्या, आणि एवढ्या मेहनतीची गंमत एका माणसापुढे उधळायची म्हणजे! पुढच्या महिन्यात दादाची पंच्याहत्तरी होती. खात्यातले जुने बारा-पंधरा सहकारी जेवायला येणार होते, आणि दादा त्यांच्यापुढे अहवाल वाचणार होता. मी म्हटलं, थांबू. पाच आठवड्यांनी काय बिघडतं?

दर पंधरवड्याला मी मुळ्याच्या पाल्याची शिशी पोचवत राहिलो. आता एकच लागायची.

पंच्याहत्तरी रविवारी होती. आदल्या बुधवारी मी दादाकडे गेलो, तो टेबलाशी बसून अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवत होता. कात्री हवी म्हणून मी खण उघडला. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. न उघडलेल्या. चरबीच्या तीन, साखरेच्या तीन, रबराने बांधलेल्या, आणि वर कागद: "टप्पा दोन. सुरुवात." खाली तारीख. पाच आठवड्यांपूर्वीची.

"दादा, हे काय?"

त्याने वर पाहिलं आणि लहान मुलासारखा चोरून हसला. "ओरडू नकोस. तिला माहीत नाही. डबीत पेपरमिंट ठेवतो, आठ वाजता तेच चघळतो."

"गोळ्या बंद केल्यास?"

"अरे, विचार कर. पहिल्या टप्प्यात अर्कही होता आणि गोळ्याही होत्या. फरक कोणामुळे पडला ते कसं कळणार? एक काढून बघितल्याशिवाय मोजमाप पुरं होत नाही. परवा रक्त देतो, रविवारी दोन्ही टप्पे एकत्र वाचतो."

एकेचाळीस वर्षं त्या लाकडी खिडकीतून प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगत आलो: बरं वाटलं तरी मनाने बंद करायचं नाही. ते वाक्य माझ्या तोंडून झोपेतही आलं असतं.

"गोळ्या घे दादा. आजपासून घे."

"का?"

"घे म्हणतो ना."

"पुरावा?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्याने विचारलं. वजन तपासताना तो दुकानदाराकडे असंच बघायचा.

पुरावा माझ्या कपाटात स्वेटरांच्या मागे होता. अकरा नग. दोन गल्ल्या चालून आणायला सात मिनिटं लागली असती. आणायचीही गरज नव्हती, दोन शब्द पुरले असते. मी त्याच्या अहवालाकडे पाहिलं. पहिल्या पानावर त्याने पट्टीने रेघ मारून लिहिलं होतं, 'या प्रयोगात माझ्या धाकट्या भावाने केलेल्या मदतीबद्दल'. त्यापुढचं वाक्य अजून लिहायचं होतं.

मी म्हणालो, "बरं, निदान रविवारनंतर तरी घे."

"रविवारनंतर बघू," दादा म्हणाला. "आता जा, गाढवा, माझी ओळ चुकेल."

बुधवार ते रविवार, चार दिवस. चार दिवसांत काय होतंय, असा मी घरी जाताना हिशेब केला. रात्री पिशवीही भरून ठेवली. बाटल्या वाजू नयेत म्हणून मध्ये स्वेटर घातला.

शुक्रवारी सकाळी दाढी करताना दादा बेसिनपाशी कोसळला. मी पोचलो तेव्हा त्याच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई तरुण आणि थकलेल्या होत्या. मेंदूला रक्त पुरवणारी एक नळी तुंबली, असं त्यांनी सांगितलं. गोळ्यांबद्दल मीच बोललो.

"पाच आठवडे?" त्यांनी लिहून घेतलं. "बंद करायला नकोच होत्या."

"त्याच्यामुळेच झालं का हे?"

"तसं सांगता येत नाही, काका. वय आहे, इतकी वर्षं साचलेलं आहे. घेत असते तरी झालं असतं, कदाचित. कदाचित नसतं."

त्यांनी 'हो' म्हणायला हवं होतं, किंवा 'नाही'. मी त्यांच्याकडे आणखी थोडा वेळ बघत उभा राहिलो, पण त्यांना पुढच्या पेशंटकडे जायचं होतं.

दादा जगला. तीन आठवड्यांनी घरी आला. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. बोलणं अडखळत, एकेक शब्द. गोळ्या आता वहिनी स्वतः तोंडात घालायच्या आणि जीभ उचलून बघायच्या. थेंब मात्र त्यांनी बंद केले. दादा डाव्या हाताने बाटलीकडे बोट दाखवायचा, आणि त्या मान फिरवायच्या.

"त्या बाटलीने घात केला," त्या मला म्हणाल्या. "त्या बाटलीच्या जिवावर गोळ्या सोडल्या यांनी. भावजी, तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात. तुमचं ऐकायला हवं होतं."

मी समोरचा चहा पिऊन घरी आलो. त्या चहात साखर होती की नव्हती तेही आठवत नाही.

मग एका सकाळी मी तिथे असताना अर्कवाल्या बाई आल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. दारातच उभ्या राहिल्या, हातात चपला.

"काका, तुम्ही गोळ्या बंद केल्यात?"

दादाने डोळे मिटले.

"या आता," वहिनी म्हणाल्या. "बघा काय केलंत ते. नीट बघून घ्या."

"मी सांगितलं होतं हो बंद करू नका म्हणून. लिहिलंयही बाटलीवर."

"मुंगीएवढं लिहिता! आणि पोस्टर केवढं लावता?"

बाईंनी वाद घातला नाही. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." तेच शब्द. "मी परवापासून दुकान बंद ठेवलंय. हात धजत नाही भरायला. कोण घरी जाऊन काय बंद करेल, मला काय कळणार?"

दादाने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. ज्या एकाच व्यापाऱ्यावर त्याने जन्मात विश्वास टाकला तो त्याच्यापुढे चपला हातात धरून उभा होता.

मी उठलो. "पंधरा मिनिटांत येतो," म्हणालो, "बाईंना जाऊ देऊ नका."

पिशवी कपाटाखाली तशीच होती, स्वेटरासकट. जे दृश्य मी महिनोन्महिने पाठ केलं होतं ते मी करून दाखवलं. दादाच्या पलंगाशेजारच्या टेबलावर एकेक बाटली ठेवली. अकरा. झाकणांवरची सीलं जागच्या जागी. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलावं लागलं.

"यांचा अर्क त्याने एक थेंबही घेतला नाही. मी दिलाच नाही. दोन्ही शिश्यांत मीच केलेलं पाल्याचं पाणी होतं. पहिल्या दिवसापासून. गंमत म्हणून. रविवारी सांगणार होतो."

कोणी हसलं नाही, हे सांगायला नको. अर्कवाल्या बाई खाली बसल्या.

"मी ओतत होते," वहिनी म्हणाल्या. "चिठ्ठी बघून, नीट, एक थेंब सांडू न देता. भावजी, दर पंधरवड्याला मी ओतत होते."

त्यांनी दादाच्या थेंबांची ती अर्धी उरलेली बाटली उचलली, आत जाऊन बेसिनमध्ये रिकामी केली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

दादाने डावा हात हलवला. वही. मी ती त्याच्यापुढे धरली, पेन बोटांत दिलं. पहिल्या टप्प्याच्या पानावर, जिथे 'अर्क' आणि 'पाणी' असे दोन रकाने होते, तिथे त्याने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: दोन्ही सारखे. त्याला पाच मिनिटं लागली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पाला... कोणता?"

"मुळ्याचा," मी म्हणालो.

तेही लिहिलं. मग खाली, शेऱ्याच्या रकान्यात, एक शब्द लिहिला: रद्द. झिजलेल्या वजनावर मारायचा तोच शिक्का. वही मिटली आणि वहिनींच्या हातात दिली. त्यानंतर त्याने ती उघडली नाही. मी नवी वही आणून दिली, रेघा मारून. ती फडताळात कोरी पडून आहे.

अर्कवाल्या बाईंनी दुकान उघडलं. सूचना आता वेष्टनाच्या वरच्या भागात आहे, मोठ्या अक्षरांत. त्यांचा अर्क गुणकारी आहे की नाही ते मला आजही माहीत नाही. ते कळायची एक चांगली संधी होती. दादाची साखर कशाने उतरली ते मात्र आता सगळे सांगतात: चालण्याने, साखर सोडल्याने आणि वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी. हे सांगायला डॉक्टर लागत नाही. कंपाउंडरलाही कळतं, वेळेवर बोलला तर.

वहिनींनी मला येऊ नका असं म्हटलं नाही. रोज सकाळी आठची गोळी मी द्यायची, असं आपोआप ठरत गेलं. दादा तोंड उघडतो, गोळी घेतो, पाणी पितो. मी बोलतो, तो ऐकतो. 'हो' म्हणतो, 'नको' म्हणतो. बोलणं हळूहळू सुधारतंय. वहिनींना हाक मारतो, शेजाऱ्यांना मारतो. एक शब्द मात्र परत आला नाही असं मी धरून चाललो होतो. ती अक्षरं अवघड असतील, जीभ मागे न्यावी लागते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

गेल्या महिन्यात मी जिना चढत होतो. वर पेपरवाला उशिरा आलेला, आणि आतून दादाचा आवाज आला, स्वच्छ, न अडखळता: "गाढवा, किती वाजले?"

मी तिथेच कठडा धरून थांबलो. पेपरवाला हसत खाली उतरला. "आजोबांची गाडी सुरू झाली की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघालो. दोन गल्ल्या हळू चाललो. वळणावर थांबून नसलेली बुटाची नाडी बांधली. दारात पाय ठेवला तेव्हा आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती. दादा खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मी गोळी हातात घेऊन त्याच्यापुढे उभा राहिलो आणि वाट पाहिली.

त्याने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोळीसाठी तोंड उघडलं.